अक्कांचा फोटो कुठे लावायचा?

मंडळी, आज जळगावात एका डाळमिलची नवी वेबसाइट दाखवायला गेले होते.

मी प्रत्येक साइट पहिल्यापासून करत बसत नाही. जे सगळीकडे चालतं त्याचे साचे तयार ठेवलेत. मेनूचा, फोटोंचा, संपर्काचा. धुळ्यापासून जळगावपर्यंत हमखास मागतात तो ‘प्रेरणास्थान’चा. म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो सगळ्यात वर, मधोमध. बाकीचं कुटुंब त्याखाली.

मिलच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या पत्नी, अक्का, मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलाने पाठवलेला अक्कांचा फोटो मी साच्यात टाकला होता. विचार करायचं काही कामच नव्हतं.

नाना स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, “पोरी, तो हार काढ.”

मुलगा म्हणाला, “अहो नाना, सगळे असंच लावतात.”

“लावतीन. तिले वर एकली नको बसाड. मना बाजूले बसाड.”

असा साचा माझ्याकडे नव्हता. तिथेच बसून केला. एका चौकटीत दोघं, शेजारी शेजारी, सारखेच मोठे.

नानांनी खिशातला रुमाल काढून माझी स्क्रीन पुसली. फक्त अक्कांच्या बाजूची.

“आते बरं शे,” म्हणाले.

तो साचा जपून ठेवलाय. नाव दिलंय ‘नाना-अक्का’.

तुमच्याही घरात कुणाला असं वर एकटं बसवलंय का हो?