साक्षगंधाच्या दिवशी प्रभाकररावांचं पोट

सेलूच्या बाजारात प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान आहे. गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला आलेल्या बाईला ते गंज तर दाखवतातच, पण तिनं जरा कपाळाला हात लावला की लगेच विचारतात, "काऊन, पित्त झालं का?" बारावीला विज्ञान घेऊन दोनदा नापास झाल्याचं ते स्वतःच सांगतात. "डॉक्टर व्हाचं होतं ना मले. फक्त पेपर तपासणाऱ्याले थे पटलं नाई."

राहून गेलेली ती हौस त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सांभाळली होती. घरात कुणाच्याही आजारपणातून उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जायच्या. जागा कमी पडते म्हणून ते पाकिटं कात्रीनं कापून ठेवायचे, त्यामुळे नावही जायचं आणि मुदतही. मग गोळ्या रंगावरून ओळखायच्या. थोरली सून मयुरी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, वर्ध्याच्या एका औषधांच्या दुकानात कामाला. तिनं एकदा डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं फेकून द्या." प्रभाकरराव मनात म्हणाले, पोरगी अजून लहान आहे.

धाकटा मुलगा गजेंद्र याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आष्टीला ठरलं. मुलगी माधवी, तिचे वडील बंडूजी. माणसं मोकळी, चांगली. मुलाचा बाप म्हणून आपण पाटावर बसणार, फोटो निघणार, हे प्रभाकररावांनी फारच मनावर घेतलं. आरशात त्यांना स्वतःचं तोंड उतरलेलं दिसलं. बायकोला, सुलोचनाबाईंना, रक्त वाढवायला लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यातल्या रोज दोन त्यांनी गुपचूप सुरू केल्या. हेतू एकच, चेहऱ्यावर तेज यावं.

तेज काही आलं नाही. पोट तेवढं बंद झालं. लोहाच्या गोळीनं पुष्कळांचं पोट घट्ट होतं हे डॉक्टर होता होता राहिलेल्या या माणसाला ठाऊक नव्हतं. साक्षगंधाच्या आदल्या दिवसापर्यंत चार दिवस कोरडे गेले. नवं धोतर पोटावर बसेना. संध्याकाळी सहा वाजता त्यांनी डब्यातली पोट साफ व्हायची पिवळी गोळी काढली आणि गरम दुधासोबत घेतली. आठ वाजले, काही नाही. गोळी जुनी असन, असं म्हणून आणखी दोन घेतल्या.

पहाटे पाचपासून जे सुरू झालं त्याचं वर्णन ते गिऱ्हाइकांसमोर हातवारे करून करतात, आपण इथं करू नये. गाडी निघायच्या आत ते सहादा आत-बाहेर झाले. सहाव्यांदा बाहेर आले तेव्हा सुलोचनाबाई दारातच उभ्या.

"तुमाले काय होऊन राह्यलं?"

"काई नाई. आनंदानं होते असं."

गाडीत बसण्याआधी त्यांनी जुलाब थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या आणि दहा मिनिटांनी, हयगय नको म्हणून, आणखी दोन. पोटात मुरडा होताच. आर्वीच्या अलीकडे मळमळ सुरू झाली. थोरल्या मुलानं, भूपेंद्रनं, गाडी थांबवली, प्रभाकररावांनी रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि परत येऊन खिशातून गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी काढली. ती गोळी प्रवासाला निघायच्या आधी घ्यायची असते. त्यांनी ती उलटी झाल्यावर घेतली, एक कमी पडेल म्हणून दोन घेतल्या. आता खिशात काही उरलं नव्हतं, एवढीच त्या दिवशी देवाची कृपा.

आष्टीला पोचेपर्यंत पोट शांत झालं होतं. पण डोळे मिटायला लागले. बंडूजींनी गळाभेट घेतली, तर प्रभाकररावांना ती उशी वाटली. पाटावर बसवलं, गुरुजींनी मंत्र सुरू केले. माधवीला साडी द्यायची वेळ आली, गुरुजी म्हणाले, "मुलाच्या वडिलांनी पुढं यावं." मुलाचे वडील पुढं आले, पण नुसती मान. ती बंडूजींच्या खांद्यावर टेकली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं घोरणं सुरू झालं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला.

मयुरीनं मात्र सासऱ्याचे कोरडे ओठ पाहिले. हाताला धरून तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं, बाजेवर निजवलं आणि माधवीच्या आईकडून पाणी मागून घेतलं. पर्समधून क्षारांची पुडी काढली, लिटरभर पाण्यात विरघळवली आणि घोटघोट पाजायला लागली.

"बाबा, खरं सांगा. काय काय घेतलं?"

प्रभाकररावांनी रंग सांगितले. पिवळ्या तीन, पांढऱ्या चार, गुलाबी दोन. लाल लोहाच्या किती, हे आठवेना.

मयुरीनं कपाळावर हात मारला. "बाबा, थे पिवळी गोळी रात्री घेतली का सकाळी काम करते. दोन तासात नाई करत. अन् दुधासंग घेत नाईत, तिचं वरचं कवच पोटातच विरते, मंग मुरडा येते. पांढरीनं आतड्याची चाल मंद होते, पण गेलेलं पाणी काई भरून येत नाई. थे भरून येते या गिलासातल्या पाण्यानं. अन् गाडीची गोळी डोक्यावर काम करते, म्हणून झोप."

"म्हणजे सगळ्या गोळ्या बरोबर होत्या," प्रभाकरराव क्षीण आवाजात म्हणाले.

"हाव. सगळ्या बरोबर होत्या. माणूस चुकला."

बंडूजी दारात उभे राहून ऐकत होते. प्रभाकररावांना वाटलं, मोडलं लग्न. पण बंडूजी येऊन बाजेच्या कडेला बसले. "व्याही," ते म्हणाले, "माह्या भावाच्या लग्नात मी पंगतीत बसूनच वकलो होतो. मांडव रिकामा झाला होता. तुमी तर फक्त झोपले." मग दोघंही हसले, आणि हसताना प्रभाकररावांना पोट धरावं लागलं.

त्यांनी जेवणाला दहीभात मागितला. पुरणाच्या पोळ्या बाकीच्यांनी खाल्ल्या.

घरी आल्यावर पुन्हा उलटंच झालं. चार पांढऱ्या गोळ्यांनी आणि लोहानं मिळून आतडी अशी गप्प केली, की तीन दिवस काही नाही. हात डब्याकडे गेला, तेव्हा दिसलं की मयुरीनं डबा रिकामा करून घासून पुसून ठेवलाय. झक मारत ते सेलूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रंग ऐकून त्या आधी खूप हसल्या, मग पोट दाबून पाहिलं. लोहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या. त्या सुलोचनाबाईंच्या आहेत, हेही सांगितलं. एक गोड पातळ औषध दिलं, जे आतड्यात पाणी ओढून आणतं. "याले एक-दोन दिवस लागतात," त्या म्हणाल्या. "मधातल्या वेळात दुसरं काई घेऊ नका. पाणी प्या, फळं खा, अन् सकाळी चाला."

दोन दिवस म्हणजे दोन दिवस, हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मानलं. सकाळी बोरधरणाच्या रस्त्यानं चालायला जायचे, ओळखीचा भेटला की स्वतःच सुरू करायचे, "ऐकलं का, म्या पोराच्या साक्षगंधात काय केलं?" लोकांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्याच तोंडून ऐकावं, म्हणजे थोडं तरी छान ऐकू येईल, असा त्यांचा हिशेब.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. आष्टीहून लग्नाच्या तारखेचा फोन यायचा होता. तेवढ्यात प्रभाकरराव परसातून आले, हातपाय धुतलेले, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"झालं एकदाचं," ते म्हणाले.

"काय, तारीख ठरली?"

"थे बी ठरन. पहिले चहा ठेव."