सिसिलियाबाईंची पाठ कशी दुखावली

डॉक्टरांनी माझ्या पत्नीचे, निर्मलाचे कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मल्टिपल स्क्लेरोसिस." मग त्यांनी टेबलावरच्या दिव्याची वायर हातात घेऊन समजावलं. मेंदूतून आणि मज्जारज्जूतून जाणाऱ्या तंतूंवर असंच एक वेष्टण असतं, ते जागोजागी खराब होतं आणि निरोप पोचत नाही. औषध नाही. कधी वाढेल, कधी थांबेल, ते सांगता येत नाही. "घरात मदतीला माणूस ठेवायची तयारी करा," ते म्हणाले.

निर्मलाने दिव्याकडे पाहून विचारलं, "स्वयंपाक कधीपर्यंत करता येईल?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी ऑस्ट्रेलियात, पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात मेटलर्जिस्ट, म्हणजे धातुतज्ज्ञ होतो. आम्ही मूळचे पुण्याचे. मूलबाळ नव्हतं. आजाराची सुरुवात वर्षभर आधी झाली होती. निर्मलाच्या उजव्या डोळ्याला आठ दिवस धूसर दिसलं, मग आपोआप बरं झालं. नंतर पाय ओढत चालणं आलं, हातून लाटणं सुटणं आलं. आम्ही राहत होतो त्या वॉलॉंगॉंगहून ट्रेनने सिडनीला किती फेऱ्या झाल्या, ते मोजलं नाही. लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. त्यानंतर दोन दिवस तिचं डोकं इतकं दुखायचं की तिला उजेड सहन व्हायचा नाही. त्या काळी एमआरआय नव्हता. एकेक शक्यता खोडत जायचं आणि वेटिंग रूममध्ये बसायचं.

दीड वर्षात ती चाकाच्या खुर्चीत आली. तेव्हा सिसिलिया डाबरे आमच्याकडे आल्या. वसईच्या, चाळिशीतल्या, विधवा. त्यांचा भाऊ आमच्याच कारखान्यात होता आणि त्या त्याच्याकडे राहत. इंग्रजी बेताचं. सकाळी सात ते दुपारी तीन त्या निर्मलाचं सगळं करत आणि वर तिला हसवत. निर्मला चिडली की म्हणायच्या, "ताई, मला काय ओरडायचं ते ओरडा, पण आधी तोंड उघडा, भात गार होतोय."

मी त्यांना दर शुक्रवारी पाकिटातून रोख पगार देत असे. सही नाही, पावती नाही.

आमच्या कारखान्याच्या पे-ऑफिसात टेरी नावाचा कारकून होता. माझा पाव तासाचा ओव्हरटाइम राहिला तरी मी त्याच्या खिडकीशी जाऊन भांडत असे, त्यामुळे ओळख चांगली होती. त्याला सिसिलियाबाईंच्या पगाराचं सहज बोललो, तर त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, तू तिला पगार देतोस म्हणजे तू एम्प्लॉयर. पोस्टातून टॅक्सचे स्टॅम्प घे, दर आठवड्याला तिच्या पगारातून कापून तिच्या कागदावर चिकटव. वर्षअखेर तो कागद तिला दे. आणि घराच्या विम्याच्या कंपनीला फोन करून वर्कर्स कॉम्पेन्सेशन घे. कामावर दुखापत झाली तर पगार आणि दवाखान्याचा खर्च देणारा विमा.

मी म्हटलं, "ती आम्हाला बहिणीसारखी आहे."

टेरी म्हणाला, "मग बहिणीचा विमा काढ, मेट."

मी काढला नाही. स्वतःला दोन कारणं सांगितली. टॅक्स कापला तर त्यांच्या हातात कमी पडेल. आणि घरच्या माणसाला कागदावर सही करायला लावणं बरं दिसत नाही. दुसरं कारण मला खरंच पटलं होतं. त्या वर्षी भाऊबीजेला मला ओवाळायला इथे कुणी नव्हतं, तर सिसिलियाबाईंनी निर्मलाकडून विचारून घेऊन तबक केलं आणि मला ओवाळलं. मी त्या आठवड्याचा पगार ओवाळणी म्हणून तबकात घातला, वर एक साडी. निर्मलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार चांगलं वाटलं. पगार आणि ओवाळणी एक करून टाकण्यात काय चूक आहे, हे मला त्या दिवशी दिसलं नाही.

हॉस्पिटलच्या थेरपिस्टने बजावलं होतं की आंघोळीला निर्मलाला दोघांनी मिळून उचलायचं. म्हणून ते काम झाल्यावरच मी कामाला निघत असे. तिसऱ्या वर्षी, एका मंगळवारी कारखान्यात मीटिंग होती. मी सिसिलियाबाईंना म्हटलं, "आज एकट्याने जमवा." त्या म्हणाल्या, "जमेल, भाऊ."

दहा वाजता शेजारणीचा फोन आला. निर्मला टबाच्या कडेला ओली बसून होती, सुखरूप. सिसिलियाबाई फरशीवर पडल्या होत्या. त्यांना उठता येत नव्हतं.

शेजारीण निर्मलाजवळ थांबली आणि मी त्यांना कॅज्युअल्टीत नेलं. तरुण डॉक्टर होता. त्याने पाय उचलून पाहिले, तळव्याला टाचणी टोचून पाहिली. स्लिप्ड डिस्क, तो म्हणाला. दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि पायाकडे जाणारी शीर दाबली जाते. मग फॉर्मवर पेन टेकवून त्याने मला विचारलं, "कामावर असताना झालं का?"

सिसिलियाबाई कुशीवर पडून माझ्याकडे पाहत होत्या.

मी इंग्रजीत म्हणालो, "नाही. ती आमच्या घरातलीच आहे. आमच्याकडे राहायला आली होती."

डॉक्टरने खूण केली आणि पान उलटलं. त्या एका खुणेने त्यांचा हक्काचा पगार गेला. विमा नसतानाही त्यांना माझ्याकडून भरपाई मागता आली असती, तीही वाट बंद झाली. मला दंडाची भीती वाटली होती, आणि आपलं नाव कुठल्यातरी सरकारी फाइलीत येण्याची. निर्मलाचा विचार त्या क्षणी माझ्या मनात नव्हता. तिच्यासाठी तसं बोललो, असं मी नंतर सांगत आलो, ते खोटं आहे.

त्या सहा आठवडे भावाच्या घरी पडून होत्या. पुढे कधीही वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दोन महिने पैसे पाठवले. मग कमी केले. मग बंद केले.

दुखापत झाली त्याच संध्याकाळी निर्मलाने विचारलं होतं, "डॉक्टरांना काय सांगितलंत?" मी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या बाईला बहीण करू नका."

पुढच्या बाईंचं नाव मार्गारेट. त्या यायच्या आधी मी फोन करून विमा घेतला. स्टॅम्प आणायला पोस्टात पंधरा मिनिटं लागली. दर शुक्रवारी स्टॅम्प चिकटवायचे, रजेचे दिवस लिहायचे, दोघांनी सह्या करायच्या. वर्षभराने खुर्ची ढकलताना त्यांचं मनगट मुरगळलं. मी फॉर्म भरला, त्यांना तीन आठवड्यांचा पगार मिळाला आणि त्या परत आल्या. सही केल्याने माया कमी झाली नाही. निर्मला गेली त्या दिवशी मार्गारेट माझ्याआधी रडल्या.

एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती जास्त वाईट आहे. दुखापतीनंतर काही महिन्यांनी सिडनीला गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी सिसिलियाबाईंची चौकशी केली. मी म्हटलं, "त्यांनी काम सोडलं." एक गृहस्थ म्हणाले, आजार जड झाला की ही माणसं जातातच. मी गप्प राहिलो. तिथल्याच एका डॉक्टरांना आईजवळ नुसतं बसायला, बोलायला कुणीतरी हवं होतं. उचलायचं काही नव्हतं. त्यांनी मला विचारलं, सिसिलियाबाई कामाला कशा आहेत? मी म्हणालो, भरवसा नाही. सिसिलियाबाई त्यांच्या घरी कामाला गेल्या असत्या तर डॉक्टरांनी पाठीचं कारण नक्की विचारलं असतं, आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. मराठी घरांतून त्यांना पुन्हा काम मिळालं नाही.

निर्मला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूमोनियाने गेली. शेवटच्या वर्षात तिला गिळता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तिच्या आजारात ज्यांनी ज्यांनी हातभार लावला, त्यांचा मी ऋणी आहे. त्यात पहिलं नाव सिसिलियाबाईंचं.

गेल्या महिन्यात मी मेलबर्नला, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात सिसिलियाबाईंच्या भाच्याच्या घरी गेलो. त्या वॉकर धरून दारापर्यंत आल्या. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. कॅज्युअल्टीतलं माझं वाक्य मराठीत सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"मला तेव्हाच कळलं होतं. एवढं इंग्रजी मला येत होतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"वाटलं, भाऊ शिकलेले आहेत. यात माझंच काहीतरी भलं बघत असतील."

भाच्याच्या बायकोने चहा आणला. मग सिसिलियाबाई म्हणाल्या, "माफी वगैरे राहू द्या. लिहून द्या. आमच्याकडे अजून म्हणतात, मी ताईंना टाकून आले. माझ्या नावानिशी लिहा."

म्हणून हे. सिसिलिया डाबरे माझ्याकडे पगारावर नोकरीला होत्या. दोघांचं काम मी त्यांना एकटीला करायला लावलं, ते करताना त्यांची पाठ कायमची दुखावली. त्यांनी माझ्या पत्नीला सोडलं नाही. मी त्यांना सोडलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आता असं माणूस येणार असेल, तर आजचे नियम टॅक्स ऑफिसला विचारा. स्टॅम्प केव्हाच गेले, कागद वेगळे आहेत. माणूस पहिल्या दिवशी आत येण्याआधी ते भरा. त्याला काय हाक मारायची, ते नंतर ठरवता येतं.

भाच्याच्या मुलींना मराठी वाचता येत नाही, म्हणून एक प्रत इंग्रजीत लिहून मी त्यांच्याकडे आधी पाठवली. ती चार ओळींत संपली: सिसिलिया डाबरे माझ्याकडे नोकरीला होत्या, इथपासून मी त्यांना सोडलं, इथपर्यंत.