छापून आलेली मथुरा

मालगुंडच्या मथुराचं लग्न मोडलं ते एका कथेमुळे. परक्याला ही थट्टा वाटेल. पण त्या काळी गावात छापील अक्षर म्हणजे देवाचा कौल, त्यावर शंका घ्यायची नाही.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सखाराम मास्तर गावच्या शाळेत आले आणि मथुराच्या घरी पडवीत राहिले. मास्तर कथा लिहायचे. तेव्हा कथा लिहिणाऱ्याचा काय रुबाब होता म्हणून सांगू! दिवाळी अंकात नाव आलं की माणूस चालायचासुद्धा वेगळा. मथुरा अठराची, हसरी. ती मास्तरांचं पान वाढायची, संबंध काय तो एवढाच. पण मास्तरांना नायिका हवी होती, आणि त्यांनी समोरची उचलली. तिच्या डाव्या मनगटावर पेजेच्या टोपानं भाजल्याचा डाग होता, तो घेतला. तिचं खळखळून हसणं घेतलं. बाकीचं, म्हणजे तिन्हीसांजेला किनाऱ्यावर तांडेलाच्या पोराला भेटणं, दिवस जाणं, पोरानं गलबतावरून कायमचं निघून जाणं, हे सगळं आपल्या डोक्यातून काढून तिच्या पदरी बांधलं.

अंक आला तोवर मास्तर नोकरी सोडून मुंबईला गेले होते. गावात एकच प्रत यायची आणि चांगलं वाचणारा कोणीतरी देवळात बसून ती सगळ्यांना वाचून दाखवायचा. डागापाशी वाचणारा अडखळला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मथुराही तिथेच बसली होती, पदराखाली मनगट लपवून. आपण काहीच केलेलं नसताना आपण हात का लपवला, हे तिला पुढे जन्मभर छळत राहिलं.

जमलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. वडिलांनी मुंबई गाठून मास्तरांचे पाय धरले. एकदा गावात येऊन खरं काय ते सांगा, म्हणाले. मास्तर म्हणाले, "अहो, ती कल्पना आहे. कल्पनेचा कसला खुलासा करायचा?" वडील परत आले ते अंथरुणालाच खिळले.

कथेनं मात्र बाळसं धरलं. तिच्यावर नाटक आलं, रेडिओवर श्रुतिका झाली, पुढे ती शाळेच्या पुस्तकातही लागली. मग काय, दर वर्षी नवी पोरं दगडी गडग्यावरून डोकावायची, "हीच ती!" मथुरा भावाच्या घरी रांधून-वाढून म्हातारी झाली. हसणं तिनं कधीच टाकलं होतं.

यंदा मास्तरांची जन्मशताब्दी. भावाची नात सानिका शाळेत शिकवते. ती हरखून सांगायला आली.

"आजी, तुझा सत्कार करायचाय म्हणतायत! स्टेजवर येशील ना गो?"

"माईक देतील मला?"

"देतील की."

"मग येते."

पोरीला आनंद झाला. म्हातारी सगळा जन्म याच माईकची वाट बघत बसली होती, हे तिला कुठून कळणार?

सभागृह भरलं होतं. मथुरानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मास्तरानं खोटं लिहिलान. मी कोणाला भेटले नाय, मला काय झालं नाय. माझं लगीन तुम्ही मोडलात. बापूस त्या घोरानं गेला. आता तरी माझं ऐका."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, ऐकलं यांनी. किती हलकं वाटलं तिला त्या घटकेला!

मग मुंबईहून आलेले अध्यक्ष डोळे पुसत उठले. "पाहिलंत? इतकी वर्षं झाली, पण ही माउली अजून त्या तांडेलाच्या पोराचं नाव ओठांवर येऊ देत नाही. याला म्हणतात प्रेम!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक उभे राहिले. मथुरा अजून बोलतच होती, पण माईक तिच्या हातातून काढून घेतला होता आणि खांद्यावर शाल पडली होती. संताप येतो हो. पुस्तकातल्या मथुरासाठी रडायला अख्खा गाव आला होता आणि समोरच्या मथुराचं ऐकायला एकही नाही.

खाली पाया पडायला रांग लागली. त्यात समीक्षा नावाची पोर होती, गावात नुकतीच लग्न होऊन आलेली. ती वाकली आणि हळूच तिनं विचारलं, "आजी, तो परत आला का हो कधी?"

मथुरानं पाहिलं. पोरीचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "नाय आला."