धंद्याचा लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा ठरला तो मुलीसाठी. ती लग्न होऊन कॅनडात गेलेली, त्यात दिवस गेलेले, डॉक्टरांनी विमानात बसू नको म्हणून बजावलेलं. आणि इकडे ह्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड डावीकडे ओढलं गेलं, बोलणं गेल्यातच जमा. फोनवर तिचा एकच धोशा, "आई, मला एकदा बाबांना बघू दे गं."

विरारचा पुतण्या नोकरीवाला, कॉम्प्युटरमधलं कळणारा. तो आम्हा दोघांना रिक्षाने स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक चकचकीत, हलका. म्हणाला, हा होम यूजचा, स्वस्तातला. दुसरा काळा, जाडजूड, शाळेच्या पाटीसारखा. हा बिझनेसचा, आपटला तरी लवकर मोडत नाही, पण ह्याला कॅमेरा नाही. काही ऑफिसांत कॅमेरा चालत नाही म्हणे.

"काकी, होमवालाच घ्या," पुतण्या म्हणाला. "कॅमेरा आतच आहे. हे बघा काका." त्याने कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्यावर आम्ही दोघं आलो. मी आपली पदर सारखा करत बसले, मला गंमत वाटली.

हे नुसते बघत राहिले. मग चांगला हात पुढे केला आणि उलट्या बोटाने लॅपटॉपचं झाकण वाजवलं. आमची होळी गावात नारळी-केळींची वाडी. नारळ भरलेला की पोकळ, हे ह्यांना आवाजावरून कळायचं. लेक लहान असताना तिच्याही डोक्यावर अशीच टकटक करायचे, "पानी हाय का गं आत, का नुसती करवंटी?" ती चिडायची, आणि परत डोकं पुढे करायची.

काळाही वाजवून बघितला. मान हलवली.

"ह्यो."

"काका, तो धंदेवाल्यांचा," पुतण्या हसला. "तुम्हाला काय ऑफिस टाकायचंय?"

"धंदा... हाय ना आपला. केलीचा."

दुकानदार हसला, मीही हसले. झटक्यानंतर एवढं बोलले ते पहिल्यांदाच. त्या आनंदात मीच म्हटलं, तोच द्या. पुतण्या म्हणाला, कॅमेरा काय, वेगळाही जोडता येतो.

रविवारी तो कॅमेरा घेऊन आला, वर चिमट्यासारखा बसवला. लेकीचा आवाज आला, "बाबा कुठायत? मला आई एकटीच दिसते." वळून बघते तर ह्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेतलेला. मी तो काढायला गेले, तर माझं मनगट असं धरलं की काय सांगू. त्या हातात एवढं बळ उरलंय हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हा कळलं. झटका आल्यावर घरातला आरसा मी काढून ठेवला होता. वाकडं झालेलं तोंड ह्यांनी पहिल्यांदा बघितलं ते त्या दुकानात, पडद्यावर. मी बाजूला बसून पदर सारखा करत होते.

"कॅमेरा बिघडलेला दिसतो गं," मी लेकीला म्हटलं, आणि चिमटा काढून टाकला.

पुढे मग नुसता आवाज. ती तिकडून बोलत राहायची, हे ऐकत राहायचे. मधेच लॅपटॉपच्या कडेवर टकटक करायचे. तिकडून ती म्हणायची, "आहे बाबा, पाणी आहे आत."

तिचं बाळंतपण व्हायच्या आधीच हे गेले. बाळ प्रवासाजोगं झाल्यावर ती आली. भिंतीवरचा फोटो आधीचा, सरळ तोंडाचा. त्याच्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "आई, बाबा शेवटी कसे दिसायचे गं?"

"होते तसेच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. कॅमेरा बिघडला नव्हता, हे तिला कधीचंच कळलं असावं. तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं, टेबलावरचा तो काळा लॅपटॉप जवळ ओढला, आणि उलट्या बोटाने त्याचं झाकण वाजवलं.