वारा खाणारं इंजिन

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, चौथी पास होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. पहिल्या दोन गोष्टी तरी खऱ्या होत्या.

आमचे हे सोलापुरात गिरणीत फिटर. कापसाची धूळ त्यांच्या छातीत बसली होती. जेवताना खोकल्याची उबळ आली की हातातला घास हातातच राहायचा. पेठेतले डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी गिरणी सोड. गिरणी सोडून खायचं काय, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. त्यांची एक जुनी विलायती मोटार दोन वर्षं गोठ्यात पडून होती. "दसऱ्यापर्यंत चालू केलीस तर गाडीवर पगारानं तूच राहा. चालवायचीही तूच आणि राखायचीही तूच. नाहीतर भंगारवाल्याला कबूल केली आहे."

बैल जुंपून ती मोटार आमच्या दारात आणली, तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बैल लावून वडायची, तर मग तिला मोटार का म्हणायचं?"

यांनी इंजिन उतरवून पडवीत घेतलं. या इंजिनाला पाणी लागत नाही, नुसत्या वाऱ्यावर ते थंड राहतं, असं यांनी सांगितलं. आमच्या गावात उन्हाळ्यात एका घागरीसाठी बायका झिंज्या धरतात, आणि हे एवढं लोखंड म्हणे पाणी पीत नाही! मी हसले. मग जवळ जाऊन बघितलं. दोन नळकांड्यांभोवती पातळ पातळ लोखंडी चकत्या होत्या, नवरात्रात देवीपुढे टांगतो त्या कडाकण्या एकावर एक रचाव्यात तशा. मधल्या फटींतून वारा फिरतो आणि आतली आग काबूत ठेवतो. हे कुणाला सुचलं असेल, या विचारानं मी त्या रात्री नीट झोपले नाही. पण शहाणपण बघा माझं. दुसऱ्या दिवसापासून मी सूप घेऊन त्या बंद इंजिनाला वारा घालू लागले. दोन दिवस हे गालात हसत आपलं काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, पेटू तर दे आधी."

गिरणीची पाळी संपली की हे इंजिनापाशी बसत. एका जुन्या चादरीवर सगळे भाग उतरवलेल्या क्रमानं मांडलेले असत आणि तो क्रम मोडायचा नाही. झडपा घासायचं काम मला दिलं. झडप भोकावर फट न ठेवता बसावी म्हणून तिला दांडी लावून ती दोन तळहातांत रवीसारखी फिरवायची. पाच दिवस घासल्यावर यांनी झडप बसवून वर रॉकेल ओतलं. खाली एक थेंब उतरला नाही. पातळ रॉकेल, तेसुद्धा अडलं. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. हेच हात भाकरी नीट थापत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

खंडेनवमीपर्यंत सगळं जुळलं. राहिली फक्त पेट्रोलची पितळी वाटी. टाकीतलं पेट्रोल आधी या वाटीत साठतं आणि तिच्या तळाच्या बारीक भोकातून इंजिनात जातं. यांनी ती धुऊन, पुसून चादरीवर उघडी ठेवली आणि पाने, हातोड्या पाटावर मांडल्या. आमच्याकडे हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पूजा करायची मी. मी इंजिनाला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, अक्षता वाहिल्या. मग वाटलं, पोटात जाईल तेच खरं. म्हणून चार दाणे त्या वाटीत टाकले.

दसऱ्याला सकाळी यांनी, आपणच धुतलेली म्हणून, आत न बघताच वाटी बसवली, हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन असं गरजलं की फुटलंच म्हणा ना. सगळी पडवी थरथरली, निरांजनाचं ताट खुळखुळलं, पत्र्यावरचे कावळे उडाले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. इतक्यात फस्स झालं आणि बंद. पुन्हा हँडल मारलं, पुन्हा तेच. दहा श्वास चालायचं आणि मरायचं. बारा वाजता डॉक्टर येणार होते. यांनी ठिणगी तपासली, तारा तपासल्या. दर हँडलला यांचा खोकला वाढत होता. शेवटी हे उंबऱ्यावर बसले. मी सूप घेऊन तशीच उभी. काय करणार होते त्या सुपानं, देव जाणे.

आत्याबाई म्हणाल्या, "आणिक एकदा फिरव." इंजिन चाललं, मेलं. "पुन्यांदा." त्यांनी डोळे मिटून कान दिला. चाळीस वर्षं जातं ओढलेला कान तो. "हिचं हाड शाबूत हाय रं. ही उपाशी मरती. जात्याच्या तोंडात खडा बसला की घास खाली जात न्हाय, मोकळंच फिरतं आन् मग आवाज असाच पडतो. हिचं तोंड कुटं हाय, ते बघ की."

यांनी वाटी काढून परातीत उपडी केली. पेट्रोलबरोबर चार लाल तांदूळ बाहेर आले. इंजिन चाललं की ओढीनं एखादा दाणा भोकावर बसायचा, थांबलं की सुटायचा.

मी म्हणाले, "उंदरानं आणले असतील."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या, "कुंकू लावून आणलेत."

हे हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता वाटी बसवली. या वेळी इंजिन मेलं नाही. मी त्या चकत्यांपुढे हात धरला. मधून येणारा वारा चुलीपुढच्यासारखा ऊन लागत होता. आत आग होती आणि लोखंड वितळत नव्हतं, वारा तिला सांभाळत होता. आजवर मी पुष्कळ देवळं बघितली, पण त्या वेळी जसे माझे हात आपोआप जोडले गेले तसे कुठेच गेले नाहीत.

डॉक्टर आले ते दारातच थांबून ऐकत राहिले. मग यांना म्हणाले, "उद्यापासून गिरणीत जाऊ नकोस."

खोकला जायला वर्ष लागलं, पण गेला. पुढच्या खंडेनवमीला मोटारीची पूजा मीच केली. अक्षतांची वाटी मात्र आत्याबाई मांडीखाली घेऊन बसल्या होत्या.