फळ्यावरचे दोन रकाने

चिखलीत हार्डवेअरच्या दुकानावर माझा ब्यूटीशियनचा क्लास आहे आणि खाली रस्त्याच्या कडेला पार्लर. त्वचेच्या आजारांचा धडा मी दोन दिवसांत उरकते. फळ्यावर दोन रकाने आखायचे. एकात स्पर्शाने पसरणारे: नायटा, खरूज, चामखीळ. दुसऱ्यात न पसरणारे: कोड, सोरायसिस, वांग. पहिल्या रकान्यातली बाई खुर्चीत बसली की हात लावायचा नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायची. दुसऱ्या रकान्याला घाबरायचं नाही. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

गेल्या वर्षीच्या तुकडीत लातूरकडची एक मुलगी होती. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टवर. तिच्या बोटांच्या पेरांवर आणि ओठाच्या कोपऱ्यात कोडाचे पांढरे डाग होते. हात मात्र असा की काय सांगू. थ्रेडिंग करताना दोरा गालाला टेकल्याचंही कळायचं नाही. एवढ्या वर्षांत असे हात मी दोन-तीनच पाहिलेत.

लेखी चाचणीत मी मुद्दाम विचारलं, कोड संसर्गजन्य आहे का? सगळ्यांनी लिहिलं, नाही. एकीने तर खाली लाल रेघही मारली.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला जोड्या लावायला सांगितल्या. मुली एकमेकींच्या चेहऱ्यावर काम करतात, मॉडेल बाहेरून रोज कोण येणार? क्षणात सगळ्यांच्या जोड्या लागल्या. लातूरची एकटी नॅपकिन घडी करत राहिली.

"अगं, काल पेपरात काय लिहिलंस?" मी लाल रेघवालीला विचारलं.

"लिहिलं ना मॅडम. पण माझं लग्न ठरतंय हो. सासरचे काय म्हणतील?"

"तुझ्या सासरच्यांना कुठे बोलावलंय मी फेशियलला?"

सगळ्या हसल्या. जागची कुणी हलली नाही. मग रोज मीच तिच्या खुर्चीत बसू लागले.

महिन्याभरात तीन मुलींना खाज सुटली. गोल चट्टे, कडा लाल आणि उंच, एकीच्या मानेवर, दोघींच्या कपाळाला केसांच्या रेषेजवळ. नायटा. पुस्तकात दिलाय तसाच.

जिन्यात कुजबुज ऐकली. "मी म्हणलंच होतं. तिच्या हातचंच हाय हे."

जिचं बोटही त्यांच्या तोंडाला लागलं नव्हतं, तिच्यावर आळ. मी प्रत्येकीला आतल्या खोलीत नेऊन तपासलं. लाल रेघवालीच्या कमरेला तळहाताएवढा नायटा निघाला, जुना. नवऱ्यामुलाकडे कळू नये म्हणून डॉक्टरला दाखवला नव्हता. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब चार महिने लावत होती. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो. कंबर खाजवायची आणि त्याच हाताने दुसरीच्या केसांना हेअरबँड लावायची.

पण खरं सांगायचं तर अर्धी चूक माझी. हेअरबँड आणि नॅपकिन सगळ्यांना मिळून एकच संच. धुऊन इमारतीच्या डक्टमधल्या दोरीवर वाळत घालायचे, तिथे ऊन कधी येत नाही. हाताला दमट लागायचे, तरी मी वापरू द्यायचे. स्वच्छतेचा धडा मी या धड्याच्या आधी शिकवते.

मी फळ्यापुढे उभी राहून सगळं सांगितलं, नाव न घेता, माझ्या नॅपकिनांसकट. मुलींनी मान खाली घालून ऐकलं. त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या, बऱ्या झाल्या. बऱ्या झाल्यावर पुन्हा त्याच जोड्या. लातूरच्या मुलीची माफी कुणी मागितली नाही.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक येतात, प्रत्येकीने आपली मॉडेल आणायची आणि शिक्षिकेने मॉडेल म्हणून बसायचं नाही असा नियम आहे. लातूरच्या मुलीची जाऊ येणार होती. सकाळी जावेने फोन बंद ठेवला.

"मॉडेल नसेल तर गैरहजर लिहिते," परीक्षक म्हणाल्या.

मी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या आपापल्या ट्रेमधल्या वाट्या नीट लावत होत्या. मुलगी रडली नाही. स्टीमरचं पाणी भरून उभी होती. सहा महिने नवऱ्याच्या शिफ्टप्रमाणे स्वयंपाक करून, दोन बस बदलून ती यायची. प्रमाणपत्राचा कागद हातात पडला नाही तर सासरची परवानगी संपणार होती.

दारात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. इथल्याच, जुन्या गावातल्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"म्या बसते की. मला काय हुतंय?"

"मावशी, तिच्या हातावर…" कुणीतरी म्हणालंच.

"दिसतंय मला. आंधळी न्हाई मी. रोज तुमची घाण काढते, तवा न्हाई काय हुत."

मावशींचं आयुष्यातलं पहिलं फेशियल. अर्ध्यात घोरायला लागल्या. परीक्षकांनी त्या मुलीला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले.

निकालानंतर ती पार्लरमध्ये आली. अंगात क्लासचा ॲप्रन, कडक उन्हात वाळवलेला, इस्त्रीचा.

"मॅडम, तुमच्याकडे जागा आहे असं कळलं."

जागा होती. काचेवर पाटीच लावली होती मी. आत सोसायटीतल्या दोन बायका बसल्या होत्या. त्यातली एक तिच्या बोटांकडे बघत होती.

"माझं काही नाही गं," मी म्हणाले, "पण…"

"गिऱ्हाईकं विचारतात," तिनेच पुरं केलं.

तिने ॲप्रन काढला, चार घड्या घालून काउंटरवर ठेवला आणि दार हळू लावून गेली. बघत होती ती बाई मला म्हणाली, "बरं झालं हो." मी तिच्या भुवया करायला घेतल्या.