भिंतीकडचा माग आणि WAIT

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, नक्की सांगता येत नाही... आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर समजून घ्या.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहतो सुरतेत लिंबायतला. आबा, म्हणजे माझे वडील, उधन्यातल्या एका कारखान्यात पावरलूम चालवतात. गेल्या वर्षी, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला, मी त्याच कारखान्यासाठी प्रोजेक्ट घेतला. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्यावरची पातळ पत्ती खाली पडते. ते ओळखून माग थांबवायचा, आणि धागा जुळून पत्ती उचलली गेली की पुन्हा सुरू करायचा.

शेठने बजावलं होतं, "कारीगरनी राह नहीं जोवानी. धागो जुडे एटले मशीन चालू!" म्हणजे कारागिरासाठी थांबायचं नाही, धागा जुळला की मशीन चालू.

बोर्डावर छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम होती. एकाच चिपकडून तीन कामं वेळच्या वेळी करून घ्यायची: धागा बघणं, मोटर चालवणं, स्थिती दाखवणं. प्रोग्राम बिल्ड करण्याआधी एका फाइलमध्ये सेटिंग ठरवावी लागतात. कोणतं काम आधी, कुणाला किती मेमरी, कुणी कशाची वाट पाहायची... मोटरच्या पुढे मी लिहिलं — वाट पाहणं शून्य. बिल्ड केलं, चिप भरली. कॉलेजच्या टेबलावर धागा जोडताच मोटर लगेच फिरायची.

दुपारच्या पाळीत बोर्ड आबांच्या भिंतीकडच्या मागाला लावला. शेजारी स्टुलावर कॉलेजचा जुना कॉम्प्युटर.

या मागाबद्दल एक सांगायला हवं. आमच्या लोकांत स्विच दाबण्याआधी हाक द्यायची रीत आहे. पुढचा ओरडतो, "चालू करू का रे?" आणि मागे धागे जोडणारा म्हणतो, "कर!" त्याशिवाय स्विचला हात नाही. या मागावर मागच्या बाजूला भिकनकाका असायचे. एकदा आबा सुट्टीवर असताना एका नवख्याने हाक न देता स्विच दाबला... भिकनकाका गेले. तेव्हापासून मागे माणूस नसला तरी आबा हाक देतात आणि क्षणभर थांबतात. बाकीचे हसतात. "आबा, भिकन काय सरगमाईन ओ देस का?" म्हणजे, भिकन स्वर्गातून ओ देतो का? आबा हाक देतच राहतात.

तर, धागा तुटला. माग थांबला. आबांनी मागे जाऊन गाठ मारली, मग पुढे येऊन धागा फणीतून ओढायला बोटं आत घातली. धागा ताणला गेला, पत्ती उचलली गेली — आणि मला एकदम कळलं, आता मोटर सुरू होणार.

आबांची बोटं आत होती.



माग हलला नाही.

पडद्यावर मोटरसमोर एकच शब्द होता: WAIT. थांबलोय. कशासाठी? वाट पाहायला मी काही ठेवलंच नव्हतं!

"केम बंध छे?" शेठ लांबून ओरडला. "आ तारुं कॉम्प्युटर सूई गयुं के?" माग बंद का, कॉम्प्युटर झोपला का, असं विचारत होता.

आबांनी सावकाश बोटं बाहेर काढली, कपाळ पुसलं आणि सवयीने मागच्या रिकाम्या बाजूला हाक दिली, "चालू करू का रे, भिकन?"

क्षणभर काहीच नाही. मग पडद्यावरचं WAIT गेलं. READY. माग धडधडू लागला.

बोर्डाला माइक नाही. ऐकेल असं त्यात काहीच नाही.

कॉलेजात आणून चिप वाचली. वाट पाहणं शून्यच. टेबलावर मोटर लगेच फिरली. शेजारच्या मागावर, कुणाचा हात जवळ नसताना बोर्ड लावून पाहिला, तिथेही माग लगेच सुरू. प्रोजेक्टचे सर म्हणाले, वायर सैल असेल. असेलही...

ती रात्र मी आबांच्या हातांकडे बघत काढली. सकाळी सेटिंग बदललं. आता कारागीर हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर थांबते. शेठ चिडला, तरी मी ते काढलं नाही. आता सगळ्या मागांवर असे बोर्ड आहेत, आणि ते नीट चालतात.

फक्त परवा आबा जेवायला गेले होते, तेव्हा भिंतीकडच्या मागाचं बटण मी दाबलं. पुन्हा दाबलं. वायर तपासली, सगळं ठीक. पडद्यावर WAIT.

काय करायचं ते मला माहीत होतं. तोंडही उघडलं... पण मागच्या बाजूला बघत हाक द्यायची हिंमत झाली नाही. आबा येईपर्यंत मी बाहेर उन्हात उभा राहिलो.

हे का होतं, मला खरंच सांगता येत नाही. आबांना विचारलं, भिकनकाका अजून इथेच आहेत का, तर ते डबा धुता धुता एवढंच म्हणाले, "तो आठेच शे. तू फक्त इचारत जाय."